सकाळचं आवरणं: लहान मुलांना वेळेत कपडे घालायला कसं शिकवायचं

चार वर्षांच्या मुलाला "आवर लवकर" म्हटलं, तर त्यातलं त्याला फारसं काही कळत नाही. "आवर" म्हणताना आपल्या डोक्यात अंघोळ, अंग पुसणं, बनियन, शर्ट, बटणं, पॅन्ट, पायमोजे, बूट, केस अशी सगळी रांग असते. त्याच्या डोक्यात ती अजून तयार झालेली नसते. "लवकर" तर त्याहून अवघड, कारण दहा मिनिटं म्हणजे किती, याचा अंदाज त्या वयात येतच नाही.

मी सोलापुरात बालवाडीत शिकवते. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिले काही आठवडे दारात पालक भेटतात ते एकच तक्रार घेऊन. "बाई, फार हट्टी आहे हो, सकाळी कपडेच घालू देत नाही." बहुतेक वेळा मूल हट्टी नसतं. त्याला कपडे घालता येत नसतात. आणि जे येत नाही तेच रोज सकाळी, घाईत, ओरडा खात करायला लागलं तर कुणीही अंग चोरेल.

म्हणून पहिल्यांदाच मुलाला शाळेत घालणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते: कपडे घालायला सकाळी शिकवू नका. शिकवायचं ते दुपारी किंवा रविवारी, रिक्षा दारात उभी नसताना. सकाळी जेवढं येतं तेवढं त्याच्याकडून करून घ्यायचं आणि उरलेलं आपण बिनबोभाट करून टाकायचं.

कोणत्या वयात काय जमतं

कपडे काढणं आधी येतं, घालणं नंतर. दोन वर्षांचं मूल पायमोजे आणि टोपी ओढून काढतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास सैल चड्डी किंवा जाकीट अंगात चढवायला लागतं. चौथ्या वर्षी काही बटणं सोडवता येतात, पाचव्या वर्षी काही लावता येतात. बुटाची नाडी बांधणं बहुतेकांना सहा-सात वर्षांपर्यंत जमत नाही. हा ढोबळ अंदाज आहे, दोन-चार महिने इकडेतिकडे होणारच. शेजारच्या घरातली मुलगी तीन वर्षांची असताना सगळं स्वतः करत होती, हे आपल्या मुलाला ऐकवून काही साधत नाही.

गणवेश घेतानाच निम्मं काम होतं

सोलापूर हे गणवेश शिवणारं शहर आहे. इथे शिवलेले गणवेश राज्याबाहेरही जातात, आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया याच कामावर आहेत. त्यामुळे गणवेशात बारीकसारीक बदल करून घेणं इथे अजिबात अवघड नाही. शाळेने दुकान ठरवून दिलं असलं तरी आणलेला गणवेश गल्लीतल्या टेलरकडे नेता येतो. टेलरला पुढच्या गोष्टी सांगा.

कमरेला इलॅस्टिक घालून घ्या. हुक आणि घट्ट पट्टा बालवाडीच्या वयाला नको. शाळेला पट्टा हवाच असेल तर मुलाला स्वतःला सोडता येईल असाच घ्या. हे मी फक्त सकाळच्या घाईसाठी सांगत नाही. लघवीला गेल्यावर हुक सुटला नाही म्हणून चड्डी ओली झालेली मुलं मी नेहमी बघते. ती बोलून दाखवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गणवेश बघितला की रडायला लागतात, आणि घरच्यांना वाटतं कपडे घालायचा कंटाळा आहे. मूल विशिष्ट कपड्यालाच नको म्हणत असेल तर त्या कपड्यात शाळेत काय झालं, हे आधी विचारा. नंतर बाईंनाही विचारा.

बटणं थोडी मोठी लावून घ्या. काज घट्ट असेल तर किंचित सैल करून घ्या. बटण शिवताना ते कापडाला चिकटून न बसता दोऱ्याच्या छोट्या दांडीवर उभं राहील असं शिवायला सांगा. तेवढ्याने ते लहान बोटांच्या चिमटीत येतं. मुलींच्या फ्रॉकला पाठीवर चेन असते, ती कुठल्याच मुलीला स्वतः लावता येत नाही. शाळेची हरकत नसेल तर बटणं पुढे घ्या. नाहीतर चेनच्या टोकाला रिबिनीचा छोटा फास बांधा, म्हणजे निदान ओढायला काहीतरी हाताला लागतं. टाय इलॅस्टिकचाच घ्या, गाठीचा नको.

आता मापाविषयी. वाढत्या अंगाचा म्हणून आपण दोन मापं मोठा गणवेश घेतो. पैसे वाचतात हे खरं, पण बाही हाताच्या पंज्यावर येते, बोटं झाकली जातात आणि ज्या बोटांनी बटण लावायचं तीच सापडत नाहीत. एक माप मोठं चालेल. बाही आणि पॅन्ट आतून दुमडून कच्ची शिलाई मारून घ्या, पुढच्या वर्षी उसवता येते.

नवा गणवेश खळीमुळे कडक असतो. शाळा सुरू होण्याआधी तो दोनदा धुवून टाका. मानेमागचं लेबल टोचतं, ते मुळापासून उसवून काढा. नुसतं कात्रीने कापलं तर उरलेलं टोक जास्त टोचतं. आपल्याकडच्या उन्हात जाड टेरीकॉटच्या आत सुती बनियन हवंच, नाहीतर घामोळ्या येतात. अंग खाजत असलेलं मूल तो शर्ट पुन्हा घालायला का तयार होईल?

बूट वेल्क्रोचे घ्या. नव्या पेठेत बूट घ्यायला जाताना शाळेचे पायमोजे बरोबर न्या आणि ते घालूनच बूट बघा. घरी आल्यावर दोन्ही बुटांच्या आतल्या कडेला, म्हणजे बूट शेजारी ठेवले की एकमेकांना टेकतात तिथे, नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. मुलाला एवढंच सांगायचं: "ठिपक्याला ठिपका भेटला पाहिजे." डावा-उजवा कळायला अजून वेळ आहे, ठिपके मात्र तीन वर्षांच्या मुलालाही जुळवता येतात.

शिकवताना शेवटची पायरी आधी

कपडे घालायला शिकवताना आपण साहजिकच पहिल्यापासून सुरुवात करतो. चड्डी हातात देतो आणि म्हणतो, "घाल बघू." मूल एकाच भोकात दोन्ही पाय घालतं, अडकतं, रडतं, आणि शेवटी आपणच घालतो. म्हणजे त्याच्या वाट्याला फसलेला भाग आला आणि झालेला भाग आपल्या वाट्याला. हे उलटं करायचं.

पहिले काही दिवस चड्डी तुम्ही गुडघ्यांच्या वर मांड्यांपर्यंत चढवा आणि थांबा. फक्त वर ओढायचं काम त्याचं. दोन्ही अंगठे इलॅस्टिकच्या आत घालून आधी पुढून, मग मागून. मागची बाजू ढुंगणावर अडकते, तिथे त्याचे हात धरून मागे न्या. वर आली की "घातलीस की!" म्हणा, कारण शेवटी घातली ती त्यानेच. हे सहज जमायला लागलं की तुम्ही गुडघ्यापर्यंतच चढवा. मग घोट्यापर्यंत. मग पाय घालायला द्या. सगळ्यात शेवटी येतं चड्डी हातात घेऊन पुढची बाजू ओळखणं. प्रत्येक टप्प्यावर शेवट त्याच्याच हातून झाला पाहिजे. पॅन्ट, पायमोजे, चेन, सगळं याच पद्धतीने शिकवता येतं.

हे सगळं बसून करू द्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला एका पायावर उभं राहून दुसरा पाय पॅन्टीत घालता येत नाही, तोल जातो. भिंतीला पाठ टेकून पाटावर किंवा बुटक्या पायरीवर बसवा, तळवे जमिनीला टेकले पाहिजेत.

शर्टाची एक युक्ती मी दर वर्षी पालकांना करून दाखवते. शर्टाची सगळी बटणं उघडा. पलंगावर किंवा चादरीवर शर्ट असा पसरा की आतली बाजू वर येईल आणि कॉलर मुलाच्या पोटाकडे. मुलाने वाकून दोन्ही हात दोन्ही बाह्यांत घालायचे, हात वर करायचे आणि शर्ट डोक्यावरून मागे टाकायचा. शर्ट पाठीवर बरोबर बसतो. थंडीतल्या पुढून उघड्या स्वेटरलाही हेच चालतं. मुलांना यात खेळ वाटतो, पुन्हा पुन्हा करतात. करू द्या. टी-शर्ट असेल तर पुढची बाजू खाली करून पसरा, खालची किनार मुलाकडे. आधी डोकं, मग हात.

बटणं खालून वर लावायची. खालचं बटण मुलाला दिसतं, गळ्याजवळचं दिसत नाही. वरून सुरुवात केली की पहिल्याच बटणाला अडतं, आणि एखादं काज चुकलं तर शेवटी एक बाजू खाली लोंबते. गळ्याचं बटण तुम्हीच लावा, त्यासाठी कुणी अडून बसू नये.

पायमोजा हातावर गोळा करून त्याची वाटी करायची, ती बोटांवर बसवायची आणि मग वर ओढायचं. टाचेचा भाग वेगळ्या रंगाचा असलेले मोजे मिळाले तर घ्या, टाच कुठे बसवायची ते मुलाला दिसतं.

बोटांत ताकद यायला वेगळे वर्ग लावायची गरज नाही. दुपारी शेंगा फोडायला बसवा, मटार सोलायला द्या, कणकेचे गोळे करू द्या, कपडे वाळत घालताना चिमटे लावायला सांगा. आजोबांचा जुना शर्ट उशीला घालून त्याची बटणं लावणं-सोडणं हा माझ्या वर्गातला आवडता खेळ आहे.

आदल्या रात्री

सकाळ वेळेवर व्हायची असेल तर झोप आधी. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात, दुपारची झोप धरून, १० ते १३ तास झोप लागते. सहा वर्षांनंतर ९ ते १२ तास. पावणेसातला उठायचं आणि दुपारी झोपत नाही, तर रात्री पावणेनऊच्या पुढे जागवून चालणार नाही. हिशेब सरळ आहे, पाळणं अवघड. विशेषतः वडील कारखान्यातून किंवा दुकानातून नऊ-साडेनऊला घरी येतात आणि मूल त्यांची वाट बघत जागं असतं, त्या घरांत. तिथे मी असं सुचवते की वडिलांचा वेळ सकाळी ठेवा. कपडे वडिलांनी घालून द्यावेत. मुलंही त्यासाठी उठतात.

आपल्या शहरात बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून कपड्यांचं गणित पाण्याच्या दिवसाशी बांधावं लागतं. पाणी येईल त्या दिवशी सगळे गणवेश धुवून टाकायचे आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरतील एवढे जोड हाताशी ठेवायचे. गणवेशाचे दोन जोड भागतात, पायमोजे आणि बनियनं मात्र जास्त लागतात. सप्टेंबरच्या पावसात वाळत नाही, तेव्हा पायमोजे रात्री पंख्याखाली टाका. ओलसर मोजा पायात चढत नाही आणि सकाळची पाच मिनिटं तिथेच जातात.

कपडे रात्रीच काढून ठेवा, घालायच्या क्रमाने. जे आधी घालायचं ते वर: चड्डी, बनियन, शर्ट, पॅन्ट, मोजे. बूट दाराशी. हे काम मुलाबरोबर करा, एकेक कपडा त्याच्या हाताने ठेवू द्या, कारण सकाळी तीच रांग त्याला आठवायची आहे. कपाटावर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला चार-पाच चित्रं क्रमाने चिकटवली तर आणखी सोपं. चित्रं तुम्हीच काढा, कशीही आली तरी मुलाला कळतात. गणवेश ठरलेला असल्यामुळे मुलाला निवडायला काहीच उरत नाही, म्हणून रुमाल किंवा केसांची क्लिप त्याला निवडू द्या. दोनच दाखवायच्या: "निळा की पिवळा?" पूर्ण खण उघडून "कुठला हवा?" विचारलं की रात्रीचे साडेनऊ झालेच.

सकाळी

राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढून पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. मुलांची झोप पूर्ण व्हावी हाच त्यामागचा विचार होता. तरी रिक्षावाले काका तीन-चार घरं करत येतात, त्यामुळे दारात रिक्षा सव्वाआठलाच लागते. वेळ मागून मोजा. रिक्षा ८.१५ ला तर बूट ८.०५ ला. त्याआधी वीस मिनिटं नाश्ता, त्याआधी वीस मिनिटं कपडे, त्याआधी अंघोळ, आणि डोळे उघडल्यावर नुसतं मांडीवर लोळायला दहा मिनिटं. म्हणजे पावणेसात. ही लोळायची दहा मिनिटं कापू नका. अर्धवट झोपेतल्या मुलाच्या हातात शर्ट दिला तर ते तो धरून बसूनच राहतं.

अंग नीट कोरडं करा. ओल्या पाठीवर बनियन गुंडाळलं जातं, बगलेपाशी दोरी होते आणि तिथूनच रडणं सुरू होतं. बोटांच्या बेचक्यांतही टॉवेल फिरवा, मोजे सरसर चढतात.

आधी कपडे, मग नाश्ता, असं माझं मत आहे. भूक लागलेली असते, कपडे झाले की खायला बसायचं हे मुलाला दिसतं, आणि हात चालतो. आधी खाल्लं की पुढे घाई कशाचीच उरत नाही. गणवेशावर सांडायची भीती असते, त्यातून शेंगाचटणीचं तेल पांढऱ्या शर्टावर पडलं तर जन्मात निघत नाही. त्यावर उपाय म्हणजे मोठ्या माणसाचा जुना शर्ट उलटा, बटणं पाठीवर येतील असा वरून घालायचा. उप्पीट सांडो, चटणी सांडो, दारात निघताना तो काढला की झालं. टीव्ही आणि मोबाइल कपडे होईपर्यंत बंद. यात सवलत देऊ नका, एका हातात मोबाइल असलेलं मूल बाहीत हात घालत नाही.

स्वयंपाकघरातून हाका मारून काही होत नाही. जवळ जा, खाली बसा, एका वेळी एकच सांगा: "हा पाय इथे घाल." झालं की पुढचं. वेळ सांगायची तर घड्याळाच्या आकड्यांऐवजी घरात रोज घडणाऱ्या गोष्टी वापरा. आजीची पूजा संपेपर्यंत शर्ट, आकाशवाणीवरच्या बातम्या सुरू झाल्या की मोजे. पूर्वभागातल्या, म्हणजे शहरातल्या तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीची आजी तिला तेलुगूतून दहा आकडे म्हणत मोजे घालायला लावते. पोरगी आकडेही शिकली आणि मोजेही.

केसांना वेळ जातो. शाळेला चालत असेल तर पहिलं वर्ष केस आखूड ठेवा. वेण्याच घालायच्या असतील तर तेल लावणं आणि गुंता सोडवणं रात्री उरका.

आई स्वतः सकाळी विड्या द्यायला कारखान्यात जाते किंवा गारमेंटच्या शिफ्टला पळते, त्या घरांत दोन-तीन मोठी माणसं आळीपाळीने मुलाचं आवरतात. तिथे सगळ्यांनी एक गोष्ट ठरवून घ्या: मूल कोणत्या टप्प्यावर आहे. आईने पॅन्ट गुडघ्यापर्यंत आणून सोडायची आणि आजीने मायेने पूर्ण घालून द्यायची, असं झालं तर मूल आजीचीच वाट बघत बसणार.

शनिवार, उन्हाळा आणि गड्ड्याचे दिवस

शनिवारी अनेक शाळा लवकर भरतात आणि गणवेशही पांढरा, वेगळा असतो. म्हणजे वेळ कमी आणि कपडे अनोळखी. शुक्रवारी रात्री मुलाला आठवण करून द्या. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की झोपायची वेळ एकदम तासभर मागे आणता येत नाही. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं, असं करत या. गच्चीवर झोपत असाल तर मुलाला आधी नेऊन निजवा, मोठ्यांच्या गप्पांत त्याची झोप उडते. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला तर जायचंच. फक्त दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर लवकर परत या, नाहीतर सकाळी कपडे तुम्हीच घालून द्यायचे हे मनाशी धरूनच पाळण्यात बसवा.

अडलं तर

रिक्षा आली आणि मूल अजून बनियनवरच आहे, असे दिवस येतील. त्या वेळी भाषण नको. कपडे घाला, बूट हातात घ्या, रिक्षात बसवा. बूट शाळेच्या पायरीवर बसून घालता येतात, आम्ही शिकवतो. आजारपणानंतर किंवा घरात धाकटं भावंड आल्यावर येत असलेलंही मूल "तूच घाल" म्हणायला लागतं. काही आठवडे घाला. मग पुन्हा शेवटच्या पायरीपासून सुरू करा.

पाच वर्षं होत आली तरी सैल चड्डीसुद्धा वर ओढता येत नसेल, एक हात कमी वापरला जात असेल, किंवा कुठलंही कापड अंगाला लागलं की मूल रोज आकांत करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते गरज वाटल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवतात. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि ही गोष्ट तिथे नक्की सांगा.

आणि दप्तरात एक जादा चड्डी, एक मोज्यांचा जोड आणि ओले कपडे ठेवायला एक रिकामी पिशवी रोज असू द्या. तिन्हींवर मुलाचं नाव घाला.